‘नको’ म्हणजे होय, हे यंत्राला कळेल?

उशिरा आलेल्या माणसाला कोणी ‘लवकर आलात!’ म्हणाले, तर त्यातला टोमणा आपल्याला लगेच कळतो. डोक्याला जबर मार लागल्यावर, पक्षाघातानंतर किंवा स्किझोफ्रेनियासारख्या आजारात मात्र ही समज हरवू शकते. स्मरणशक्ती शाबूत असते, हिशेब चुकत नाही. तरी समोरच्याच्या बोलण्याचा रोख उमगत नाही. नोकरीत खटके उडतात, नाती दुरावतात आणि दोष स्वभावाला दिला जातो.

ही सामाजिक समज तपासण्यासाठी आजवर गोष्टी, छायाचित्रे आणि चित्रफिती वापरल्या गेल्या. एका प्रसिद्ध चाचणीत केवळ डोळ्यांची 36 छायाचित्रे पाहून भावना ओळखायच्या असतात. पण खऱ्या संभाषणात समोरचा माणूस फोटोसारखा थांबून राहत नाही. म्हणून ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2017 मध्ये मांडलेल्या चाचणीत रुग्ण संगणकावरील आभासी शॉपिंग सेंटरमध्ये मित्रांबरोबर वावरतो आणि त्यांच्या मनात काय चालले आहे ते सांगतो. हेडसेटमुळे असा प्रसंग आणखी जिवंत होतो.

तंत्र स्वागतार्ह आहे. प्रश्न आतल्या प्रसंगांचा आहे. पाहुणा ‘चहा नको’ म्हणाला तरी पौडमधली आजी आधण ठेवतेच, आणि तिचे बरोबरच असते. परक्या रीतीवर बेतलेली चाचणी मात्र तिलाच नापास करील. बेंगळुरूच्या निम्हान्समधील तज्ज्ञांनी 2011 मध्ये भारतीय संदर्भातील सामाजिक आकलनाच्या चाचण्या सिद्ध केल्या, त्या यासाठीच. मराठीतही तसेच काम व्हायला हवे.

त्यासाठी मुळशीइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. हिंजवडीचे आयटी पार्क याच तालुक्यात, लवळ्यात विद्यापीठे आणि धरणाच्या काठी शेतकऱ्यांची गावे. अभियंते, मानसोपचारतज्ज्ञ आणि गावकरी यांनी मिळून मराठी प्रसंग रचावेत आणि ते आधी निरोगी माणसांवर तपासावेत. हेडसेट पहिल्यांदाच घालणाऱ्याचा गोंधळ हा आजार समजला जाऊ नये. निष्कर्ष उपचारासाठीच वापरावा, नोकरी नाकारण्यासाठी नव्हे.

तोवर अपघातानंतर घरातले कोणी ‘बदलल्यासारखे’ वाटले, तर रागावण्याआधी डॉक्टरांना दाखवा. मानसिक आरोग्याविषयी सल्ल्यासाठी ‘टेलि-मानस’चा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे.