फ्लॅश मारा... पण छताला!

खरं खरं सांगा, पहिल्या बोनसमधून घेतलेला तुमचा तो डीएसएलआर सध्या कुठे आहे? कपाटात, वरच्या कप्प्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत? वाटलंच! लेहला नेला, एकदा लोहगडावर नेला, मग फोनचे कॅमेरे सुधारत गेले आणि हे धूड गळ्यात अडकवून फिरायचा कंटाळा आला. चालायचंच.

पण मंडळी, त्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक छोटीशी धातूची खाच आहे. तिला म्हणतात हॉट शू. बहुतेकांनी तिचं झाकणसुद्धा काढलेलं नसतं. आजचा फंडा त्या खाचेबद्दलच आहे.

फोन कितीही हुशार झाला तरी त्याच्या पाठीवरचा एलईडी म्हणजे शेवटी बॅटरीच, लोडशेडिंगमध्ये वापरायची. अंधारात फोन पटापट बऱ्याच फ्रेम घेतो आणि त्या एकावर एक रचतो. देऊळ, इमारत, शांत बसलेली मांजर यांना हे चालतं. हॉलभर पळणाऱ्या भाच्याला नाही. वेगळ्या फ्लॅशचा झोत मात्र डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतो. पॉवर अगदी कमी ठेवली तर सेकंदाच्या साधारण वीस हजाराव्या भागात! भाचा जिथल्या तिथे गोठतो. (फोटोत हो!)

आता मुद्दा पैशांचा. कॅमेरा कंपनीच्या स्वतःच्या वरच्या मॉडेलचा फ्लॅश घ्यायचा म्हणजे आणखी एक ईएमआय. त्यात टीटीएल असतं. म्हणजे खऱ्या झोताच्या आधी फ्लॅश एक छोटा झोत टाकतो, कॅमेरा लेन्समधून आलेला तो उजेड मोजतो आणि किती पॉवर लागेल ते ठरवतो. सोय मस्त. पण पांढरी शुभ्र साडी नेसलेल्या काकू फ्रेममध्ये आल्या की गणित गडबडतं आणि पुढचा फोटो काळपट येतो. मॅन्युअल फ्लॅशला असली अक्कल नसते, म्हणून तर तो स्वस्त असतो. त्याचं काम पंख्याच्या रेग्युलेटरसारखं. तुम्ही पाववर ठेवला की तो पाववरच राहणार, काकू येवोत नाहीतर काका. एकदा जमलं की शंभर फोटो एकसारखे.

घेताना

बाल्टिमोर सन या अमेरिकन दैनिकाचा फोटोग्राफर डेव्हिड हॉबी २००६ पासून असे छोटे, साधे फ्लॅश वापरायला शिकवू लागला आणि जगभरच्या हौशी मंडळींना त्यांचं वेड लागलं. मग चिनी कंपन्या मैदानात उतरल्या. योंगनुओचे वायएन ५६० मालिकेतले फ्लॅश आले, नंतर गोडॉक्सचा टीटी६००. मुंबईकर असाल तर सीएसएमटीसमोरच्या बोरा बाजारात चक्कर मारा आणि हातात घेऊन बघा. काय बघायचं?

एक, डोकं. ते वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे दोन्ही फिरलं पाहिजे. हे नसेल तर फुकट दिला तरी घेऊ नका. दोन, पॉवर. १/१ पासून १/१२८ पर्यंत पायऱ्या असल्या की भागतं. तीन, आतला रेडिओ रिसीव्हर. उद्या फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून कोपऱ्यात ठेवावासा वाटला तर फक्त ट्रिगर घ्यावा लागतो.

चार, खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. त्याला गाइड नंबर म्हणतात. हिशोब सोपा आहे. गाइड नंबर भागिले माणसाचं मीटरमधलं अंतर, की आलं अ‍ॅपर्चर. म्हणजे आयएसओ १०० ला गाइड नंबर ४० आणि माणूस ५ मीटरवर, तर एफ ८. पण टीटी६०० वर छापलेला ६० चा आकडा २०० मिलिमीटर झूमवर मोजलेला आहे, म्हणजे झोत पार अरुंद करून. घरगुती ग्रुप फोटोसाठी झोत पसरवला की आकडा बराच खाली येतो. हे सगळ्याच कंपन्या करतात.

पाच, आणि हे कॅननवाल्यांनी नीट वाचा. १५००डी, ३०००डी, २००डी मार्क २ अशा काही मॉडेल्सच्या हॉट शूमधून कंपनीने मधली पिनच काढून टाकली आहे. साधा मॅन्युअल फ्लॅश त्या पिनवरच चालतो. म्हणजे कॅमेऱ्यावर बसेल, पण पेटणार नाही. सोनीवाल्यांनी टीटी६००एस मागा, त्यांची खाच वेगळी आहे. आणि मामांच्या ट्रंकेतला फिल्मच्या जमान्यातला फ्लॅश लावायचा मोह टाळा. जुन्यांपैकी काहींच्या पिनवर दोनशेपेक्षा जास्त व्होल्ट असतात. डिजिटल कॅमेऱ्याची वाट लागू शकते.

वापरताना

आता शीर्षकाकडे वळू. फ्लॅश समोरून चेहऱ्यावर मारला की काय होतं ते आपल्या सगळ्यांच्या अल्बममध्ये आहेच. तेलकट कपाळ, मागे भिंतीवर काळी सावली, पकडलेल्या चोरासारखे डोळे. कारण साधं आहे. उजेडाचा उगम पेटीच्या झाकणाएवढा छोटा असला की सावल्या कडक पडतात. उगम मोठा झाला की त्या मऊ होतात. आणि सगळ्यात मोठा, सगळ्यात स्वस्त उगम तुमच्या डोक्यावरच आहे. पांढरं छत!

डोकं छताकडे करा, किंचित मागे झुकवा. कॅमेरा 'एम' मोडवर. शटर १/१२५, एफ ४, आयएसओ ४००, फ्लॅश १/४. आपल्या साध्या फ्लॅटच्या उंचीला ही सुरुवात बरी. काळपट आलं तर १/२, पांढरट आलं तर १/८. दोन-तीन फोटोंत जमतं. भिंतीचा रंग मात्र बघा. बेडरूमच्या पोपटी भिंतीवर झोत मारलात तर नवरदेव पोपटी होणार. आणि कार्यालयाचं छत वीस फूट उंच किंवा काळं असेल तर ते विसरा, बाजूची पांढरी भिंत शोधा.

एक गोष्ट पाठच करा. फ्लॅशचा उजेड अ‍ॅपर्चरने कमी-जास्त होतो, खोलीतल्या दिव्यांचा शटरने. मागच्या समया, लायटिंगच्या माळा दिसायला हव्यात? शटर १/६० करा. पण उलट दिशेला १/२०० च्या पुढे जपून. तिथे बऱ्याच कॅमेऱ्यांची हद्द संपते आणि फोटोत काळा पट्टा येतो.

आणि अंतर! माणूस दुप्पट लांब गेला की त्याच्यापर्यंत थेट पोचणारा उजेड निम्मा नाही, पाव होतो. म्हणून समोरून मारलेल्या फ्लॅशमध्ये पुढची रांग भुतासारखी आणि मागची गायब. तुम्हीच चार पावलं मागे सरका, दोन्ही रांगांमधला फरक कमी होतो.

सेल एनआयएमएच रिचार्जेबल घ्या, चारचे दोन संच. साध्या सेलपेक्षा फ्लॅश लवकर तयार होतो. फुल पॉवरवर सटासट मारत सुटू नका, तापतो. आणि बिघडला तर उघडून बघायची हौस अजिबात नको. आतल्या कपॅसिटरमधला करंट जिवावर बेतू शकतो.

हे सगळं कशासाठी?

गेल्या वर्षी आमच्याकडे आजीचं सहस्रचंद्रदर्शन झालं. डोंबिवलीचा टू-बीएचके, माणसं पन्नास. एका मामाने हौसेने समोरून फ्लॅश मारला. आजी म्हणाली, "पुरे रे बाबा, डोळ्यांपुढे काजवे चमकले. मला नको फोटो."

मी फ्लॅशची मान छताकडे वळवली. "आजी, तुझ्याकडे नाही मारत गं. वर मारते." तिने संशयाने वर पाहिलं, मग शेजारच्या नणंदेकडे वळून काहीतरी कुजबुजली आणि दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. तो फोटो आला. नऊवारीचा काठ, सुरकुत्या, नाकातली मोरणी, सगळं जिथल्या तिथे आणि नजर अगदी जिवंत.

आपल्या घरांत वडीलधाऱ्यांचा चांगला फोटो कधी शोधला जातो, हे सांगायला नको. मग कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुपमधून एक चेहरा कापायचा, तो फाटेपर्यंत मोठा करायचा आणि भिंतीवर लावायचा. आमच्या आजोबांचा तसाच आहे. डाव्या खांद्यावर अजून कुणाचा तरी हात दिसतो. कुणाचा, ते आता कुणालाच आठवत नाही.

पुढच्या लाँग वीकेंडची हॉटेलं महाग आहेतच. एखादी ट्रिप रद्द करा आणि त्या पैशांत फ्लॅश घेऊन गावी जा. आईला स्वयंपाकघरात गाठा. बाबा पेपर वाचत असतील, त्यांना वाचू द्या. "फोटो काढतोय, हसा" असं मुळीच म्हणू नका. आणि झोत? छताला!