आयता नकाशा काय कामाचा?

'माइंड मॅप' हा शब्द हल्ली कॉलेजातल्या मुलींच्या तोंडी सर्रास असतो. मधोमध विषय, त्याला फांद्या, फांद्यांना डहाळ्या. इंग्लंडच्या टोनी बुझान यांनी १९७४ मध्ये बीबीसीवरच्या मालिकेतून तो लोकप्रिय केला. आपल्याकडे दहावीच्या इतिहासात 'संकल्पनाचित्र पूर्ण करा' असा प्रश्न येतो ना, तो त्याचाच धाकटा भाऊ! आता हे सगळं कॉम्प्युटरवर आलंय. 'फ्रीप्लेन'सारखी सॉफ्टवेअर तर चक्क फुकट मिळतात.

मी बी.ए. झालेली, त्यातून गृहिणी; मला कशाला हवं हे? पण वस्तीतल्या विधवा बायकांचे अर्ज भरून देते, तिथे मला त्याचा फार उपयोग झाला. संजय गांधी निराधार योजना, रेशन कार्डावरचं नाव, बँक, विमा, सातबाऱ्यावर वारस नोंद अशा फांद्या काढल्या आणि प्रत्येकीखाली कागदपत्रं लिहिली. बघते तो काय, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला प्रत्येक फांदीवर! म्हणजे बाईला आधी तो काढायला सांगायचा, चार-पाच प्रती जास्तीच्या घ्यायला लावायच्या. वहीत पानामागून पान लिहिलं असतं तर हे इतकं ठळक दिसलं नसतं. शिवाय नियम बदलला की फांदी उचलून दुसरीकडे ठेवता येते, खाडाखोड नाही.

अभ्यासाचं मात्र जरा वेगळं आहे. आता गूगलच्या 'नोटबुक एलएम'ला धडा दिला की नकाशा क्षणात हजर. मुली तो बघतात, 'समजलं' म्हणतात आणि पुढे जातात. मला हे पटत नाही. कुठली गोष्ट कुणाखाली घालायची हे ठरवताना जे डोकं चालतं, तोच तर अभ्यास! आयता नकाशा म्हणजे शेजारणीने घातलेल्या रांगोळीचा फोटो. आणि स्वतः काढलेला नकाशाही पुस्तक उघडं ठेवून काढला तर अर्धंच काम होतं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये 'सायन्स'मध्ये एक प्रयोग मांडला होता. मजकूर समोर ठेवून अशाच प्रकारचे संकल्पना-नकाशे काढणाऱ्यांपेक्षा, तो मिटून आठवेल ते लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना आठवड्यानंतर जास्त येत होतं. म्हणून मी मुलींना सांगते, पुस्तक मिटा, मग फांद्या काढा. कॉम्प्युटरवर फांदी मिटवून ठेवायची सोय असते. ती मिटवा, खाली काय होतं ते आठवा, मग उघडून बघा. ही सोय कागदावर नाही, आणि मला सगळ्यात मोलाची तीच वाटते. रंग नि चित्रं राहिली तरी चालतील. (त्यातच तास जातो, हे आयांना वेगळं सांगायला नको.)

पण हे करायचं कशावर? कित्येक घरांत मोबाइल एकच, तो आधी वडिलांचा, मग भावाचा. मुलीच्या हाती येतो तो रात्री, बॅटरी संपत आल्यावर. अशा मुली जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे फांद्या काढतात, नि छान काढतात. तरीही ती मिटवून बघायची सोय त्यांनाही मिळायला हवी. 'फ्रीप्लेन' एकदा घातलं की इंटरनेटशिवाय चालतं, जुना कॉम्प्युटरही पुरतो. वॉर्डातल्या अभ्यासिकांच्या उद्घाटनांना मंडप नि हारतुरे असतात. पुढच्या वेळी त्या खर्चातून एक कॉम्प्युटर मागा, आणि संध्याकाळचे दोन तास तो फक्त मुलींसाठी राखून ठेवायचं लेखी घ्या.