शंभर टक्के निकालाचा अर्थ

दहावीचा निकाल लागला की 'शंभर टक्के निकाल' असे फलक पुण्यातील शाळांच्या फाटकांवर झळकतात आणि आपल्या धर्मग्रामांतील अनेक पालक त्यावरूनच शाळेची पारख करतात. या आकड्याकडे जरा सावधपणे पाहावयास हवे.

राज्याचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो ७७.१० वर घसरला, तर २०२० मध्ये ९५.३० वर गेला. एका वर्षात मुले मंद झाली नव्हती किंवा शिक्षकही आळसावले नव्हते. भाषा व सामाजिक शास्त्रांतील शाळेच्या हातचे अंतर्गत गुण २०१९ साली बंद झाले होते; पुढल्या वर्षी ते परत आले, इतकेच. २०२१ साली तर कोविडमुळे परीक्षाच झाली नाही आणि निकाल ९९.९५ टक्के!

म्हणून पालकांनी विचारावे : नववीतील किती मुले शाळेच्या नावावर दहावीला बसली? कच्च्या मुलाला सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसविले, तर तो शाळेच्या टक्केवारीत दिसत नाही. हा प्रश्न आपल्या मिशन शाळांनाही विचारला गेला पाहिजे. त्यांनी रागावू नये.

अकरावीच्या 'कट-ऑफ'चेही तसेच. महाविद्यालयात कोण आले ते त्यावरून कळते, तेथे काय शिकविले जाते ते नाही. अल्पसंख्याक कोट्यातून विज्ञान शाखेत जागा मिळत असली, तरी गणितात जेमतेम उत्तीर्ण झालेल्या मुलाशी आधी बोलावे. वाणिज्य, कला वा आयटीआय यांपैकी त्याला काय हवे, हे बहुधा त्याला कोणी विचारलेलेच नसते.