वशिला आणि मध्यस्थी

प्रार्थना म्हटली की आपल्याला आधी आठवतो तो निकाल. एम-थ्री सुटू दे, कॅम्पसमध्ये नंबर लागू दे, घरचं सगळं नीट होऊ दे. देव कोणताही असो, अर्ज बहुतेक वेळा स्वतःचाच. सप्टेंबरात वांद्र्याच्या माऊंट मेरीच्या जत्रेला गेलात तर तिथेही हेच दिसेल. सगळ्या धर्मांचे लोक घराच्या, बाळाच्या, हातापायांच्या आकाराच्या मेणबत्त्या घेऊन उभे असतात. त्यात वाईट काहीच नाही. गरज असते म्हणून माणूस मागतो.

पण ख्रिस्ती धर्मात दुसऱ्यासाठी मागण्यालाही फार मोठं स्थान आहे. त्याला ‘मध्यस्थी’ म्हणतात. धर्म कोणताही असो (किंवा नसो), हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या आपण सगळ्यांनी या मध्यस्थीचा जरा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं.

कोणी म्हणेल, “मध्यस्थी म्हणजे वशिलाच की! इथे साहेबाकडे, तिथे देवाकडे.” तसं नाही. फरक बघायचा असेल तर बायबलमधल्या अब्राहामाची गोष्ट घ्या. सदोम हे शहर पापात बुडालेलं. देव त्याचा नाश करणार असं कळल्यावर अब्राहाम चक्क घासाघीस करायला उभा राहतो. ५० भले लोक निघाले तर शहर सोडशील का? देव हो म्हणतो. मग ४५? ४०? ३०? २०? असं करत करत गडी १० वर येतो! गंमत म्हणजे त्याचा सख्खा पुतण्या लोट त्याच शहरात राहत होता. वशिला लावायचा असता तर “आमचा लोट तेवढा बाहेर काढा, बाकीच्यांचं काय ते बघा” एवढं पुरे होतं. पण तो लोटाचं नावसुद्धा काढत नाही, अख्ख्या शहरासाठी मागतो. शहर शेवटी वाचलं नाही, लोट मात्र सुटला. म्हणजे मध्यस्थीला यशाची गॅरंटी नाही, तरीही ती करायची.

दुसरी गोष्ट मोशेची. तो पर्वतावरून खाली येतो तर त्याचे लोक सोन्याच्या वासरापुढे नाचताहेत. तो संतापून दगडी पाट्या फोडतो, वासरू जाळून त्याची पूड करतो. लोकांना शिक्षाही होते. पण दुसऱ्या दिवशी तोच मोशे देवाला सांगतो की यांना क्षमा कर, नाहीतर तुझ्या पुस्तकातून माझं नाव खोडून टाक. चुकीवर त्याने पांघरूण घातलं नाही, आणि चुकलेल्यांना वाऱ्यावरही सोडलं नाही.

इथेच खरा फरक कळतो. वशिल्याची किंमत रांगेतला तिसराच कोणीतरी भरतो. मध्यस्थीची किंमत मध्यस्थ स्वतः भरायला तयार असतो. ख्रिस्ती श्रद्धेत याचं सर्वोच्च उदाहरण म्हणजे क्रूसावरचा येशू. ज्यांनी त्याला खिळलं त्यांच्यासाठीच त्याने क्षमा मागितली.

हे फक्त पुराणकाळातलं नाही. १९४१ साली आउशवित्झच्या छळछावणीत एक कैदी पळाला म्हणून दहा जणांना उपाशी ठेवून मारायचं ठरलं. त्यांतला फ्रान्सिसेक गायोव्निचेक बायकामुलांच्या आठवणीने रडू लागला. तेव्हा माक्सिमिलियन कोल्बे हे पोलिश धर्मगुरू रांगेतून पुढे आले आणि ‘याच्याऐवजी मला घ्या’ म्हणाले. १४ ऑगस्ट १९४१ ला त्यांना इंजेक्शन देऊन मारण्यात आलं. गायोव्निचेक १९९५ पर्यंत जगला. १९८२ मध्ये कोल्बे यांना संतपद मिळालं तेव्हा तो स्वतः तिथे हजर होता.

आता आपण पडलो इंजिनिअरिंगवाले, त्यामुळे शंका येणारच. देव सर्वज्ञ आणि दयाळू असेल तर त्याला सांगायची गरज काय? इनपुट न देताच आउटपुट मिळायला हवं! मला वाटतं याचं उत्तर योनाच्या गोष्टीत आहे. निनवेच्या लोकांना देवाने माफ केलं म्हणून योना रुसून बसला. त्या शहरातल्या १,२०,००० हून जास्त अजाण माणसांची आणि गुराढोरांचीही कीव करू नको का, असं देवच त्याला विचारतो. तिथे देवाला पाझर फोडायचा नव्हताच. पाझर फुटायला हवा होता तो योनाला. दुसऱ्यासाठी हात जोडणारा माणूस त्याचा द्वेष फार दिवस टिकवू शकत नाही.

आणि हॉस्टेलमध्ये योना काय कमी आहेत? कोणी कॉपी करताना सापडला, कोणी दारू पिऊन आला, कोणाचं नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये लागलं, की “बरं झालं, भोगू दे” म्हणायला अख्खी विंग जमते. त्याच्याबरोबर सरांच्या केबिनपर्यंत जायला कोणी निघत नाही. “सर, चूक त्याचीच आहे, पण त्याला एक संधी द्या, अभ्यासाची जबाबदारी मी घेतो,” असं म्हणणारा चार वर्षांत एखादा भेटला तरी नशीब.

मात्र एक लक्षात ठेवा. रॅगिंग झालेल्या ज्युनिअरला “जाऊ दे रे, तक्रार मागे घे” असं समजावणं ही मध्यस्थी नव्हे. तिथे किंमत तो ज्युनिअर भरतो आणि आपण फुकटात दयाळू ठरतो. तो शुद्ध वशिलाच. दयेच्या नावाखाली हे आपल्याकडे सर्रास चालतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात एक रोखठोक मुद्दा आहे. उघड्यानागड्या, उपाशी माणसाला नुसते शुभाशीर्वाद देऊन रिकाम्या हाताने पाठवलं तर त्याचा उपयोग काय? म्हणून मित्रांनो, परीक्षेच्या आदल्या रात्री देवापुढे हात जोडाल तेव्हा स्वतःच्या नंबराआधी एक नाव दुसऱ्याचं घ्या, शक्यतो न आवडणाऱ्याचं. आणि सकाळी त्याच्या खोलीचं दार वाजवून विचारा, जेवलास का, काही अडलंय का.