सणाला शेजार हवा

आपल्या सणांचे ऋतूंशी जुने नाते आहे. मकर संक्रांत येते तेव्हा थंडी असते. म्हणून त्या दिवशी तीळ, गूळ, बाजरी अशा उष्ण पदार्थांना मान मिळतो. चैत्राच्या आरंभी गुढीपाडव्याला कडुनिंबाची कोवळी पालवी गुळाबरोबर खाल्ली जाते आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ व पन्हे दिले जाते. श्रावणात शिवार हिरवे असते, दसऱ्याला नवे धान्य दिसू लागते आणि दिवाळीपर्यंत खरिपाचे पीक घरात येते. आपल्या पूर्वजांनी सणांची मांडणी केली ती शेत, पाऊस आणि अंगण डोळ्यांपुढे ठेवून. गावातील माणसाला सण आला हे पंचांग न उघडताही झाडांवरून आणि आभाळावरून कळत असे.

आज मात्र लक्षावधी मराठी कुटुंबे गावातही राहत नाहीत आणि महानगराच्या मध्यभागीही राहत नाहीत. ती राहतात उपनगरी शहरांत. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी रेल्वे सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणपर्यंत पोहोचली. या लोहमार्गाच्या आधाराने डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर ही गावे वाढत गेली. पश्चिमेकडे वसई आणि विरार यांचीही तशीच वाढ झाली. गिरगाव, दादर, लालबाग येथील चाळींत जागा अपुरी पडू लागली, १९८२ च्या गिरणी संपानंतर कामगारवस्तीची घडी विस्कटली आणि अनेक कुटुंबे परवडणाऱ्या घराच्या शोधात उपनगरांत आली. त्यांच्या जोडीला कोकण, देश, खानदेश, विदर्भ आणि देशाच्या अन्य प्रांतांतूनही माणसे आली. एका मजल्यावर चार बिऱ्हाडे आणि चारही बिऱ्हाडांची गावे वेगळी, अशी ही वस्ती आहे.

या वस्तीत शेत नाही, अंगण नाही आणि अनेकदा वेळही नाही. डोंबिवली ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ४८ किलोमीटर आहे. रोज जाण्यायेण्यातच दिवसाचे तीन तास खर्च करणाऱ्या माणसाने श्रावण केव्हा पाहावा आणि दसऱ्याचे सोने केव्हा लुटावे? म्हणून काही जण विचारतात, की ज्या जीवनातून हे सण निर्माण झाले ते जीवनच उरले नसेल, तर सण तरी कशासाठी टिकवायचे? हा प्रश्न प्रामाणिक आहे. परंपरेचा अभिमान बाळगा, एवढेच उत्तर त्याला पुरेसे नाही.

माझे मत असे, की उपनगरी शहराला सणांची गरज गावापेक्षा अधिक आहे. गावात माणसे एकमेकांना ओळखतात, म्हणून सण एकत्र साजरा होतो. उपनगरात हा क्रम उलटा असतो. तेथे सण एकत्र साजरा झाला, तर माणसे एकमेकांना ओळखू लागतात. गावातील शेजार वडिलोपार्जित असतो. उपनगरातील शेजार प्रयत्नाने घडवावा लागतो. बंद दार ठोठावण्यासाठी माणसाला काही निमित्त लागते. तिळगुळाची वाटी, फराळाचे ताट किंवा कोजागरीच्या दुधाचे आमंत्रण हे ते निमित्त आहे. वर्षभर केवळ जिन्यात भेटणारी दोन कुटुंबे कोजागरीच्या रात्री गच्चीवर एका सतरंजीवर बसतात, तेव्हा त्यांना एकमेकांची नावे कळतात, गावे कळतात, कोणाच्या घरी आजारी माणूस आहे तेही कळते. पुढे एखाद्या मध्यरात्री दवाखान्यात धावण्याची वेळ आली, तर उपयोगी पडते ती हीच ओळख.

माणसे एकत्र येण्यासाठी किती अडचणींतून वाट काढतात, याचे सुंदर उदाहरण उपनगरी गाड्यांत पाहायला मिळते. दसऱ्याच्या सुमारास नेहमीचे प्रवासी आपल्या डब्याला झेंडूच्या माळा आणि तोरणे बांधतात, पूजा करतात आणि मिठाई वाटतात. नवरात्रात महिलांच्या डब्यात भोंडल्याची गाणी ऐकू येतात. ज्या स्त्रियांना घरी परतल्यावर फेर धरायला सवड नसते, त्यांनी प्रवासातील वेळच सणासाठी वापरला. येथे अंगण नाही, पाटावरचा हत्ती नाही, फेर धरण्याइतकी जागाही नाही. तरी भोंडला होतो, कारण सख्या आहेत.

शहराच्या पातळीवरही असे घडले आहे. १९९९ साली डोंबिवलीत गुढीपाडव्याच्या सकाळी नववर्ष स्वागतयात्रा निघाली. तोपर्यंत पाडवा हा प्रामुख्याने घरातला सण होता. प्रत्येकाने आपल्या खिडकीत गुढी उभारावी, श्रीखंड खावे आणि विश्रांती घ्यावी, अशी साधारण रीत होती. स्वागतयात्रेने घराघरांतील सण रस्त्यावर एकत्र आणला. पुढे ही प्रथा ठाणे, गिरगाव आणि अन्य अनेक शहरांत पोहोचली. त्याच डोंबिवलीत दिवाळीच्या पहाटे फडके रस्त्यावर तरुण मंडळी नवे कपडे घालून जमतात. त्यासाठी कोणी घरोघर निमंत्रणे देत नाही. मित्रांनी तेथे भेटायचे एवढाच संकेत असतो. सणाची परंपरा केवळ प्राचीन काळीच निर्माण होते असे नाही. एखादे नवे शहरही आपली परंपरा घडवू शकते, हे या दोन्ही उदाहरणांतून दिसते.

तथापि, माणसे जमली म्हणजे सण सार्थ झाला, असे म्हणता येणार नाही. ती कशी जमली, त्यासाठी कोणाचे कष्ट खर्ची पडले आणि कोण दाराबाहेर राहिले, हेही पाहिले पाहिजे. या संदर्भात तीन गोष्टींचा विचार आवश्यक वाटतो.

पहिली गोष्ट घरातील श्रमांची. सण म्हणजे घरातील बहुतेकांना सुट्टी आणि एकीला दुप्पट काम, अशी स्थिती आजही अनेक घरांत आहे. नोकरी करणारी स्त्री संध्याकाळची गाडी पकडून घरी येते आणि रात्री उशिरापर्यंत चकल्या तळते किंवा करंज्या भरते. तिच्या हातच्या फराळाचे कौतुक सगळे करतात. पण कौतुकाने पाठ दुखायची थांबत नाही. म्हणून काहींनी तयार फराळ विकत घेण्याचा मार्ग स्वीकारला आहे. त्यात गैर काहीच नाही; उलट त्यातून अनेक बचत गटांतील स्त्रियांना रोजगार मिळतो. मात्र घरी फराळ करायचाच असेल, तर तो सर्वांनी मिळून करावा. मुलाने लाडू वळावेत, वडिलांनी साटा लावावा, आजोबांनी खोबरे किसावे. एकत्र केलेल्या कामातून कुटुंब जितके जवळ येते, तितके एकत्र खाण्यानेही येत नाही. जो सण घरातील एका व्यक्तीला थकवून बाकीच्यांना आनंद देतो, तो कुटुंबाचा सण म्हणवून घेण्यास पात्र नाही.

दुसरी गोष्ट आमंत्रणाची. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालणारे हळदीकुंकू हे स्त्रियांच्या भेटीगाठींचे मोठे साधन आहे. परंतु ज्या स्त्रीचा पती निधन पावला आहे तिला या समारंभातून वगळण्याची रीत अद्याप संपलेली नाही. समजा, एका मजल्यावरील चार घरांपैकी तीन घरांतील स्त्रियांना बोलावणे गेले आणि चौथीला गेले नाही. तिच्या बंद दारावरून हसत जाणाऱ्या पावलांचा आवाज तिला ऐकू येतच असणार. ज्या दिवशी सर्वांनी गोड बोलायचे, त्याच दिवशी तिच्याशी न बोलणे हा कोणता धर्म? मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांबाबतच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्यानंतर राज्य शासनानेही इतर ग्रामपंचायतींना या उदाहरणाचे अनुकरण करण्यास सांगितले. एका खेड्याने जे धैर्य दाखवले, ते सुशिक्षित म्हणवणाऱ्या उपनगरांतील प्रत्येक इमारतीला दाखवता आले पाहिजे.

आमंत्रणाचा हाच विचार धर्म, भाषा आणि कामाच्या बाबतीतही करावा लागेल. वसई परिसरातील अनेक ख्रिस्ती कुटुंबे मराठीतून उपासना करतात आणि नाताळात येशूजन्माचा गोठा सजवतात. ईदच्या दिवशी कल्याण आणि भिवंडीतील घराघरांत शीरखुर्मा होतो. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी बिहार व पूर्व उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबे तलावाकाठी छठपूजा करतात. केरळातील कुटुंबे ओणमला दारात फुलांची रांगोळी काढतात. शेजाऱ्याचा सण हा आपल्याला मिळालेला आणखी एक सण मानला, तर आपले वर्ष अधिक समृद्ध होईल. त्याचप्रमाणे इमारतीचा पहारेकरी, सफाई कामगार आणि घरकाम करणाऱ्या बाई यांना केवळ दिवाळीची बक्षिसी देऊन मोकळे होऊ नये. मंडप उभारताना जे राबतात, त्यांना पंगतीतही जागा असावी.

तिसरी गोष्ट सार्वजनिक मर्यादेची. १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सवाचा प्रसार झाला तो लोकमान्य टिळकांच्या पुढाकारामुळे. लोकांनी एकत्र यावे, विचार ऐकावेत आणि त्यातून जागृती व्हावी, हा त्यामागील हेतू होता. आता जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने या उत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला आहे. दर्जा वाढला की जबाबदारीही वाढते. वर्गणी ही स्वेच्छेने द्यायची असते. दारात दहा जण उभे राहून ठरावीक रकमेची पावती फाडू लागले, तर तिला वर्गणी म्हणता येत नाही. ध्वनिप्रदूषणविषयक नियम २००० साली लागू झाले. त्यांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिवर्धकावर सर्वसाधारणपणे बंदी आहे. उपनगरांतील इमारती एकमेकींना खेटून उभ्या असतात. एका चौकातील कर्कश आवाज शेकडो घरांत शिरतो. तेथे तान्ही मुले असतात, वृद्ध असतात, परीक्षेचा अभ्यास करणारे असतात. त्यांच्या झोपेचा आणि शांततेचा बळी देऊन कोणत्याही देवतेची आराधना होऊ शकत नाही.

निसर्गाच्या बाबतीतही असेच आहे. ऋतूंचे सण साजरे करताना आपण ऋतूंचीच हानी करू लागलो, तर तो मोठा विरोधाभास ठरेल. शाडूची लहान मूर्ती, कृत्रिम तलावातील विसर्जन आणि होळीसाठी केवळ वाळलेली पाने व टाकाऊ लाकूड हे मार्ग सहज आचरता येण्याजोगे आहेत. दसऱ्याला बाजारात आपट्याच्या नावाखाली पुष्कळदा कांचनाच्या फांद्या विकल्या जातात आणि सायंकाळी त्यांचा रस्त्यावर ढीग पडतो. एका पानाऐवजी दोन गोड शब्द दिले, तर सोने लुटण्याचा अर्थ हरवणार नाही. उलट पुढच्या वर्षीही झाड उभे राहील.

यावर कोणी असा आक्षेप घेईल, की एवढा विचार करत बसलो तर सणातील आनंदच निघून जाईल. शिवाय प्रत्येकाने आपल्या घरी आपल्या माणसांसह सण साजरा करावा. शेजाऱ्यांचा संबंध कशाला? एकांताची आवड असणाऱ्यांचा आदर केलाच पाहिजे आणि सणाला उपस्थित राहण्याची सक्ती कोणावरही नसावी. परंतु हे ध्यानात घ्यावे, की उपनगरातील कुटुंब लहान आहे. आजी-आजोबा गावी, काका दुसऱ्या शहरात, आत्या परराज्यात, अशी स्थिती असते. दोन-तीन माणसांच्या घरात सण दुपारच्या जेवणाबरोबरच संपतो आणि मग प्रत्येक जण आपापल्या भ्रमणध्वनीत डोके घालून बसतो. मुलांना भाऊबहिणींचा मोठा गोतावळा दिवाळीतील मातीचा किल्ला बांधताना इमारतीच्या आवारातच मिळू शकतो. म्हणजे शेजार हा कुटुंबाला पर्याय नाही. तो आजच्या लहान कुटुंबाचे विस्तारलेले अंगण आहे.

ही गोष्ट केवळ मुंबईच्या परिसरापुरती मर्यादित नाही. इंदूर, वडोदरा, हैदराबाद, दिल्ली येथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी माणसांना तिचा अनुभव फार पूर्वीपासून आहे. आपल्या प्रांतापासून दूर असताना त्यांनी महाराष्ट्र मंडळे स्थापन केली, गणेशोत्सवात नाटके आणि व्याख्याने केली आणि परभाषक शेजाऱ्यांनाही मोदकाची गोडी लावली. सण टिकवण्यासाठी आपले गाव सोबत न्यावे लागत नाही. जेथे राहतो तेथेच माणसे जोडावी लागतात, हे त्यांनी दाखवून दिले आहे.

पुढच्या पिढीला काय मिळावे, हा यातील खरा प्रश्न आहे. तिला रोषणाई आणि खरेदी तर बाजार देईलच. परंतु समोरच्या घरातील आजींनी हातावर ठेवलेला तिळगूळ बाजार देऊ शकणार नाही. ती आठवण द्यायची असेल, तर आरंभ मोठा नको आणि खर्चही नको. येत्या सणाला आपल्या मजल्यावरील असे एक दार शोधावे, जेथे आपण आजवर कधीच गेलो नाही. आणि घरातील मुलाला सोबत घेऊन, हातात एक वाटी धरून ते ठोठवावे.