शुद्ध आहाराच्या घरातील जंत



‘आमच्या घरी पूर्ण शाकाहार, कंदमुळे वर्ज्य, पाणी गाळून उकळलेले, मग मुलाला जंत झालेच कसे?’ हा प्रश्न आपल्या समाजातील अनेक घरांत विचारला जातो. प्रश्नामागील श्रद्धेविषयी आदर राखूनही सांगावे लागते, की बहुतेक जंतांचा मांसाहाराशी संबंध नसतो. ते माती, नखे, पालेभाज्या आणि अंगणातील प्राणी यांच्या वाटेने येतात. गोड खाल्ल्याने जंत होतात, ही समजूतही निराधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे १५० कोटी लोकांना मातीतून पसरणाऱ्या जंतांची बाधा आहे. मी वैद्य नव्हे. परंतु ही माहिती प्रत्येक कुटुंबप्रमुखास असावी, म्हणून हे लेखन.

मुलांत दोन प्रकारचे जंत विशेष आढळतात. पहिला गोल जंत. तो गांडुळासारखा, वीतभर किंवा त्याहूनही लांब असतो. याची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ती विष्ठेवाटे मातीत जातात, तेथे काही आठवड्यांत पक्व होतात आणि न धुतलेली कोथिंबीर, मेथी किंवा मातीचे हात यांवाटे पोटात येतात. दुसरा बारीक, पांढऱ्या दोऱ्यासारखा सूतकृमी. त्याची मादी रात्री गुदद्वाराभोवती अंडी घालते. मूल खाजवते, अंडी नखांत अडकतात आणि पुन्हा तोंडात जातात. अंथरूण व कपड्यांवाटे ती भावंडांपर्यंतही पोहोचतात. याशिवाय अंकुशकृमी ओल्या मातीत अनवाणी चालताना पायाच्या त्वचेतून शरीरात शिरतो व आतड्यांतील रक्त शोषतो. थकवा आणि फिकटपणा यांचे मूळ कधी कधी येथे असते.

पोटदुखी, मंदावलेली भूक, रात्रीची खाज, खुंटलेली वाढ ही लक्षणे दिसल्यास तपासणी करून घ्यावी. झोपेत दात खाणे हा मात्र खात्रीचा पुरावा नव्हे. सूतकृमी विष्ठेच्या तपासणीत पुष्कळदा सापडत नाहीत. त्यासाठी सकाळी उठल्याबरोबर, अंघोळीपूर्वी, पारदर्शक चिकटपट्टी त्या जागी हलकेच लावून ती डॉक्टरांकडे नेतात.

उपचार सोपा व स्वस्त आहे. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना शाळा-अंगणवाड्यांत अल्बेंडाझोलची गोळी विनामूल्य दिली जाते. मात्रा ४०० मिलिग्रॅम. १ ते २ वर्षांच्या बालकास अर्धी. सूतकृमी असल्यास घरातील सर्वांनी एकाच दिवशी औषध घेऊन दोन आठवड्यांनी ते पुन्हा घ्यावे लागते, कारण औषधाने अंडी नष्ट होत नाहीत. एकाच मुलाला औषध देऊन थांबल्यास खाते पुन्हा उघडते. गर्भवती स्त्रियांनी, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, डॉक्टरांना विचारल्याविना हे औषध घेऊ नये.

आता घरच्या प्राण्यांविषयी. कुत्र्याच्या पिल्लांना गोल जंताची बाधा आईच्या गर्भातच होते. मांजरीच्या पिल्लांना ती दुधावाटे होते. फुगलेले पोट, निस्तेज केस, उलट्या, पातळ विष्ठा ही लक्षणे. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखे कण दिसल्यास तो पट्टकृमी समजावा. तो पिसवांमार्फत येत असल्याने पिसवांचा बंदोबस्तही आवश्यक असतो. कुत्र्याच्या पिल्लांना दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्यास, तर मोठ्या कुत्र्यांना साधारणतः दर तीन महिन्यांनी औषध देतात. मात्रा वजनावर ठरते. म्हणून ते पशुवैद्यांकडूनच घ्यावे, आपल्या गोळीचा तुकडा कधीही देऊ नये. मुलांना सूतकृमी झाले म्हणून कुत्र्या-मांजरास दोष देऊ नये. तो जंत माणसाकडूनच माणसाला होतो. परंतु कुत्र्याच्या गोल जंताची अंडी मातीतून मुलाच्या पोटात गेल्यास त्याच्या अळ्या यकृत, फुप्फुस व क्वचित डोळ्यापर्यंत जातात आणि दृष्टीस धोका होतो. ताज्या विष्ठेतील अंडी लगेच बाधत नाहीत. ती पक्व होण्यास दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचलणे हा उत्तम उपाय. दुकानाच्या पायरीशी पोळी खाणाऱ्या कुत्र्यालाही जंताचे औषध मिळावे, हीसुद्धा जीवदयाच होय.

केवळ स्वतःचा आहार शुद्ध असून भागत नाही, याचे एक बोलके उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. तेथील डुकराचे मांस वर्ज्य मानणाऱ्या सनातनी ज्यू कुटुंबांतील काही व्यक्तींना फेफरे येऊ लागले. मेंदूत डुकरांतून येणाऱ्या पट्टकृमीच्या अळ्यांच्या गाठी सापडल्या. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, घरकामास असलेल्या बाधित व्यक्तींच्या हातांतून अंडी अन्नात गेली असावीत. यात कामकऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. बाधिताला बहुधा स्वतःच्या बाधेची कल्पनाच नसते. आपल्या घरी स्वयंपाक करणाऱ्या ताईंना साबण, स्वच्छतागृह आणि तपासणीचा खर्च आपण द्यावा. फेफरे आल्यास मात्र घरच्या घरी जंताचे औषध न देता तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

शेवटी, काही ज्येष्ठांच्या मनातील संकोचाविषयी. तत्त्वार्थसूत्रात दोन इंद्रियांच्या जीवांचे उदाहरण म्हणून कृमीचाच उल्लेख आहे. मग औषध कसे द्यावे, असे ते विचारतात. धर्मनिर्णय देण्याचा माझा अधिकार नाही. तो गुरुमहाराजांना विचारावा. व्यवहार एवढाच सांगतो, की औषध लांबविल्याने जीव वाचत नाहीत. रोज लाखो अंडी मातीत पडत राहतात, आणखी मुले बाधित होतात, आणि पुढे औषध अधिक जणांना द्यावे लागते. हिंसा खरोखर कमी करावयाची असेल, तर जंत पोटात येऊच न देणे हाच मार्ग: जेवणापूर्वी व शौचानंतर साबणाने हात, कापलेली नखे, वाहत्या पाण्यात तीनदा धुतलेली भाजी, पायांत चपला.

१० फेब्रुवारी व १० ऑगस्ट या जंतनाशक दिनाच्या तारखा दिनदर्शिकेत आजच नोंदवाव्यात. घरी कुत्रे असल्यास त्याच्या लसीच्या पुस्तिकेत जंताच्या औषधाची पुढील तारीखही लिहून ठेवावी.