पाण्याआधी किट तपासा

पाणी शुद्ध करण्याचे यंत्र विकणारा माणूस घरी येतो. ओट्यावर दोन पेले ठेवतो, एकात नळाचे पाणी आणि दुसऱ्यात त्याच्या यंत्राचे. दोन्हींत धातूच्या सळया बुडवून वीज सोडतो. मिनिटभरात नळाचे पाणी तपकिरी, गढूळ होते. यंत्राचे पाणी जवळजवळ तसेच राहते. घरातली मंडळी हबकतात आणि सौदा ठरतो. खरे तर तो तपकिरी गाळ नळाच्या पाण्यात नव्हताच. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते, सळईतले लोखंड झिजते आणि गंजाच्या रूपाने पाण्यात उतरते. यंत्राच्या पाण्यात क्षार अगदी थोडे, म्हणून सळई झिजत नाही. परीक्षा झाली ती सळईची. पाणी पिण्याजोगे आहे की नाही, हे त्यातून काहीच कळले नाही.

हा खेळ आज आठवण्याचे कारण असे, की पाणी तपासण्याची साधने आता गावोगाव पोहोचली आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये जल जीवन मिशन सुरू झाले. त्यात प्रत्येक गावातल्या पाच महिलांना 'फील्ड टेस्ट किट', म्हणजे एफटीके, वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. ही चांगली गोष्ट आहे. पण किटने दाखवलेला रंग खरा आहे का, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. करमाळा तालुक्यात तर तो विचारायलाच हवा.

या तालुक्याच्या एका अंगाला उजनीचे बॅकवॉटर आहे, दुसऱ्या अंगाला सीना. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते, हे आता सर्वांना ठाऊक आहे. बॅकवॉटरच्या काठाने ऊस आणि केळी वाढली. दहिगाव उपसा सिंचन योजनेने पाणी कोरडवाहू भागाकडेही वळले. बागायत आली की युरिया आला. पिकाने न उचललेले नत्र नायट्रेटच्या रूपाने पाण्याबरोबर खाली झिरपते आणि विहिरीत, बोअरमध्ये उतरते. उघडी गटारे, शोषखड्डे आणि गोठ्याचे उकिरडे त्यात भर घालतात. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालानुसार देशातल्या भूजलाच्या सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त आढळले. आपली विहीर त्या २० टक्क्यांत आहे की उरलेल्या ८० टक्क्यांत, हे तपासल्याशिवाय सांगता येत नाही. नायट्रेटला रंग, वास किंवा चव नसते.

धोका कुणाला? सर्वांत आधी सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावर असलेल्या बाळाला. त्याच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता कमी करते. बाळ निळसर पडते. अमेरिकेत आयोवातले डॉक्टर हंटर कॉम्ली यांनी १९४५ मध्ये विहिरीच्या पाण्याशी या आजाराचा संबंध दाखवून दिला. यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की पाणी उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटते आणि नायट्रेटचे प्रमाण उलट वाढते. आई काळजीने पाणी दहा मिनिटे उकळते आणि तेच दुधात घालते. किटने 'ठीक आहे' असे चुकीचे सांगितले, तर ती पाण्याचा दुसरा स्रोत शोधणारही नाही. चुकीच्या किटची किंमत ही अशी मोजावी लागते.

म्हणून कोणते साधन काय सांगते, हे आधी समजून घेऊ.

खिशात मावणारा टीडीएस मीटर सर्वांत लोकप्रिय आहे. तो पाण्याची वीजवाहकता मोजतो आणि तिला एका ठरावीक गुणकाने गुणून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस चांगला, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचा. पण मीटरवर ३०० आकडा दिसला म्हणून पाणी सुरक्षित ठरत नाही. त्या ३०० मध्ये नायट्रेट १० आहे की ८०, हे मीटरला कळत नाही. जंतू तर त्याला दिसतच नाहीत.

नायट्रेटसाठी कागदी पट्टी किंवा पावडर-थेंबांचे किट लागते. बहुतेक किटमध्ये नायट्रेटचे आधी नायट्राइट केले जाते आणि मग गुलाबी रंग येतो. रंग जितका गडद, तितके नायट्रेट जास्त. इथेच चुका होतात. पावडर नीट हलवली नाही, तर रंग फिका येतो. सांगितलेल्या वेळेआधी पाहिले तरी फिका, फार उशिरा पाहिले तर भलताच. संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली वाचले तर आणखी वेगळा.

सर्वांत मोठा सापळा एककाचा आहे. आपल्या मानकात मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे, ती 'नायट्रेट' म्हणून. काही किट मात्र आकडा 'नायट्रेटमधील नायट्रोजन' म्हणून देतात. त्या हिशेबात हीच मर्यादा सुमारे १० होते. अशा किटवर १५ आकडा आला, तर ४५ ची मर्यादा डोक्यात असलेला माणूस निर्धास्त होईल. प्रत्यक्षात १५ ला ४.४३ ने गुणले की नायट्रेट ६६ भरते. म्हणून किट घेताना पहिला प्रश्न हा, की आकडा कशाचा आहे.

दुसरा प्रश्न रंगपट्टीचा. मर्यादा ४५ असताना पट्टीवर १० नंतर थेट १०० असेल, तर मधल्या पाण्याचा निर्णय कसा करणार? ४५ च्या आसपास ठळक टप्पे असलेलेच किट उपयोगाचे. तिसरा प्रश्न तारखेचा. उत्पादनाची तारीख, मुदत आणि बॅच क्रमांक बाटलीवरच छापलेला हवा, फक्त खोक्यावर नव्हे. सोलापूर जिल्ह्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात ठेवलेली रसायने मुदतीआधीही निकामी होऊ शकतात. पट्ट्यांच्या डबीचे झाकण उघडे राहिले की हवेतली ओल त्यांना खराब करते.

चौथी गोष्ट कोणी करत नाही, पण तीच खरी कसोटी आहे. किटची परीक्षा घ्या. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ०.१६३ ग्रॅम शुद्ध पोटॅशियम नायट्रेट एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवले, की लिटरला १०० मिलिग्रॅम नायट्रेटचे द्रावण होते. त्यात तेवढेच डिस्टिल्ड पाणी घातले की ५०. आता किटने नुसत्या डिस्टिल्ड पाण्याला शून्य, दुसऱ्या द्रावणाला ५० च्या आसपास आणि पहिल्याला १०० च्या आसपास दाखवायला हवे. तसे दाखवत नसेल, तर ते किट टाकून द्यावे. करमाळ्यातल्या विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी याहून उपयोगाचे प्रात्यक्षिक शोधून सापडणार नाही.

गंमत अशी, की ही काळजी घेणारे लोक आहेत. घरी समुद्री मत्स्यालय ठेवणारे हौशी लोक प्रवाळ जगवण्यासाठी नायट्रेट, फॉस्फेट आणि कॅल्शियम सतत मोजतात. आकड्याबद्दल शंका आली तर दुसऱ्या कंपनीच्या किटने पडताळतात, आणि प्रमाणित द्रावणावर किट तपासून घेतात. काचेच्या पेटीतल्या प्रवाळासाठी जे होते, ते अंगणवाडीच्या माठासाठी का होऊ नये?

जंतूंची चाचणी वेगळी असते. गावात जी एचटूएसची बाटली मिळते, तिचे मूळ आपल्याच देशातले. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील के. एस. मांजा आणि सहकाऱ्यांनी ही सोपी पद्धत १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. पाणी काळे झाले तर विष्ठेतून आलेल्या जंतूंचा संशय घ्यायचा. पण बाटली एक-दोन दिवस उबेला ठेवावी लागते, आणि थंडीत घाई केली तर दूषित पाणीही स्वच्छ भासते. उलट, पाण्यात आधीच सल्फाइड असेल तर जंतू नसतानाही ती काळी होऊ शकते. त्यामुळे काळी बाटली म्हणजे 'लगेच सावध व्हा आणि प्रयोगशाळेत पाठवा', एवढाच अर्थ घ्यावा. तोवर पाणी उकळून प्यावे, कारण जंतूंवर उकळणे हा उपाय खरोखर चालतो.

टीसीएल पावडर टाकल्यानंतरची ओटी टेस्टही अशीच अर्धवट समजली जाते. पिवळा रंग आला की काम झाले, असे धरले जाते. पण तपासणी टाकीजवळ करून भागत नाही. मानकानुसार गावाच्या शेवटच्या नळालाही लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन उरायला हवे. ओटीचे रसायन मोकळे आणि बांधलेले क्लोरीन नीट वेगळे करत नाही, शिवाय ते हाताळायलाही घातक आहे. किट नव्याने घेताना डीपीडी पद्धतीचे घ्यावे.

कितीही चांगले किट असले, तरी तो पहिला अंदाजच. मर्यादेच्या जवळ किंवा वर आकडा आला, की नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत गेला पाहिजे. जल जीवन मिशनखालच्या प्रयोगशाळा सामान्य नागरिकांनाही माफक शुल्कात खुल्या आहेत. बाळ असलेल्या घराने विहिरीचे किंवा बोअरचे पाणी वापरण्याआधी एवढे नक्की करावे. नायट्रेट जास्त निघाले तर बाळाच्या दुधासाठी दुसऱ्या स्रोताचे पाणी घ्यावे किंवा आरओचे वापरावे.

ग्रामपंचायतींकडून अपेक्षा फार मोठ्या नाहीत. किट खरेदी करताना फक्त दर पाहू नका, एकक, टप्पे आणि मुदत पाहा. प्रत्येक नवी बॅच एकदा माहीत असलेल्या द्रावणावर तपासा. पावसाळ्याआधी आणि नंतर तरी प्रत्येक स्रोताचा निकाल तारखेसह पंचायतीच्या फळ्यावर लिहा. आणि ज्या पाच जणींना प्रशिक्षण दिले, त्यांच्या आकड्याला ग्रामसभेत मान द्या. 'पाणी खराब आहे' असे सांगणाऱ्या बाईला 'तुमचे किटच खराब असेल' असे उत्तर मिळाले, तर ती पुढच्या वेळी बोलणार नाही. किट आधीच तपासलेले असेल, तर हे उत्तर कोणाला देताच येणार नाही.